लिंकनच्या बापाची बाजू

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ते पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. तुमच्याही शाळेत असणार. लिंकनने ते लिहिल्याचा काडीचाही पुरावा नाही, हे मला चाळिशीत कळलं. आठवीत मी ते पाठ करून बक्षीस मिळवलं होतं, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

पण बापलेकाच्या नात्यावर लिंकनच्या हातचं एक खरं पत्र आहे. १२ जानेवारी १८५१ चं. तिकडे म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला, सावत्र भावाची पत्रांवर पत्रं आलेली. लिंकन लिहितो की घरी बायको आजारी आहे, निघता येत नाही. आणि वडिलांना सांग, आत्ता आपली भेट झाली तरी तिचं सुख होण्याऐवजी दुःखच जास्त होईल की काय, अशी शंका वाटते. पाच दिवसांनी बाप गेला. मुलगा मातीलाही गेला नाही. हे पत्र कुठल्याच शाळेच्या भिंतीवर नसतं.

तेव्हापासून मी या बापाच्या मागे लागलोय. थॉमस लिंकन. जुन्या चरित्रांमध्ये हा माणूस आळशी, फिरस्ता, कशातच तग न धरणारा असा येतो. पोराची झेप मोठी दाखवायची तर बापाचं घर खड्ड्यात दाखवावं लागतं, हा चरित्रकारांचा जुना खेळ. माझं मत विचाराल तर थॉमसवर साफ अन्याय झालाय.

जन्म १७७८, व्हर्जिनिया. लहानपणीच कुटुंब डोंगर ओलांडून केंटकीत आलं. १७८६ मध्ये शेत साफ करत असताना त्याचा बाप मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात गोळी लागून पडला. पोरगा थॉमस तिथेच, बापाच्या प्रेताशेजारी. थोरल्या भावाने, मोर्देकायने, लांबून बंदूक झाडून हल्लेखोराला पाडलं म्हणून हा वाचला. (ती जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न तेव्हा त्या घरात कोणी विचारला असेल असं वाटत नाही.) त्या वेळच्या कायद्याप्रमाणे जमीन सगळी थोरल्याच्या नावावर गेली. धाकट्याच्या वाट्याला आली मोलमजुरी, मग सुतारकी. त्याने केलेली कोपऱ्यातली कपाटं आजही संग्रहालयांत आहेत. आळशी माणसाचा रंधा असा चालत नाही.

मजुरीच्या पैशातून त्याने १८०३ मध्ये ११८ पौंडांना २३८ एकर घेतले. १८१४ मध्ये विकायला काढले तेव्हा मोजणीच्या घोळात ते २०० एकरच भरले, पैसे आले १०० पौंड. दरम्यान १८०६ मध्ये नॅन्सी हँक्सशी लग्न झालं, मुलगी सारा झाली. १८०८ च्या डिसेंबरात सिंकिंग स्प्रिंगची जमीन २०० डॉलर रोख मोजून घेतली. तिथल्या एका खोलीच्या लाकडी झोपडीत १२ फेब्रुवारी १८०९ ला अब्राहम जन्मला. त्या जमिनीच्या मालकीवरही वाद निघाला आणि तीही गेली. मग नॉब क्रीकला ३० एकर खंडाने. तिथे झालेला धाकटा मुलगा तान्हेपणीच गेला. आणि तिथेही लांबच्या फिलाडेल्फियातल्या वारसदारांनी जमिनीवर हक्क सांगून हुसकावण्याचा दावा ठोकला.

का व्हायचं असं? केंटकीत सरकारने आधी जमीन मोजलीच नव्हती. ज्याने त्याने आपापली हद्द लिहून द्यायची: अमुक दगडापासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून तमुक झाडापर्यंत. सिंकिंग स्प्रिंगच्या हद्दीची खूण म्हणजे एक भलामोठा ओक होता. तो ओक १९७६ पर्यंत टिकला, थॉमसची मालकी काही वर्षंही टिकली नाही. एकाच तुकड्यावर दोघातिघांचे कागद निघायचे. बांधावरून ज्यांच्या घरात आजोबा-वडील-काका कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलेत, त्यांना यापुढचं समजावून सांगायला नको. आणि हा माणूस कफल्लकही नव्हता बरं का; १८१४ च्या तिथल्या कर-यादीत ९८ मालमत्ताधारकांत त्याचा नंबर १५ वा होता. त्याच्याकडे घाम होता, वकिलाला द्यायला पैसा नव्हता.

१८१६ च्या डिसेंबरात कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेलं. पुढे अब्राहमने स्वतःच लिहिलंय की हे जाणं काही अंशी गुलामगिरीमुळे होतं, पण मुख्यतः केंटकीतल्या जमीन-हक्कांच्या भानगडीमुळे. इंडियानात सरकारने चौकोन आखून ठेवले होते, एकरी दोन डॉलर, हप्त्याने. थॉमसने १६० एकर धरले. हप्ते झेपेनात तेव्हा अर्धे सोडून दिले आणि ८० एकरांचा पक्का कागद मिळवला. दहा वर्षं लागली.

सात वर्षांच्या अब्राहमच्या हातात तिथे पोहोचताच कुऱ्हाड आली. आणि १८१८ च्या शरदात तो आजार आला, ज्याला तिथले लोक दुधाचा आजार म्हणत. रानात पांढऱ्या फुलांचं एक झुडूप उगवतं, चारा संपला की गाई ते खातात, विष दुधात उतरतं. कारण पक्कं कळायला विसावं शतक उजाडलं. नॅन्सी ५ ऑक्टोबरला गेली, वय ३४. थॉमसने फळ्या तासून बायकोची शवपेटी केली. लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या पोराने तासल्या म्हणतात. ही सांगोवांगीची गोष्ट आहे, तरी मला ती खोटी वाटत नाही.

वर्षभराने थॉमस केंटकीला जाऊन ओळखीतली विधवा, सारा बुश जॉन्स्टन, तिच्याशी लग्न करून आला. तीन मुलं आणि गाडीभर सामान घेऊन ती आली, मातीच्या जमिनीवर फळ्या टाकून घेतल्या, खोलीत आता आठ माणसं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण सवतीच्या पोराला वाचू दिलं. ही बाई नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि तिला घरात आणणारा थॉमसच होता, हे कोणी मोजत नाही.

बापलेकाचं मात्र फाटत गेलं. एकवीस वर्षांपर्यंत मुलाची मजुरी कायद्याने बापाची, आणि थॉमस पोराला शेजाऱ्यांच्या शेतांवर राबायला पाठवायचा. पोराला पुस्तकं हवी होती, बापाला जेमतेम सही करता यायची. अब्राहमच्या रागाला कारण होतं, हे मी मान्य करतो. १८३१ मध्ये, कुटुंब इंडियानातून इलिनॉयला आल्यावर वर्षभरात, तो घर सोडून गेला. तरी अगदी पाठ फिरवली असं नाही: १८४१ मध्ये त्याने बापाकडून ४० एकर २०० डॉलरला विकत घेतले आणि म्हाताराम्हातारीला मरेपर्यंत तिथेच राहू दिलं. वकील पोराने बापाच्या डोक्यावरचं छप्पर कागदोपत्री पक्कं केलं. शेवटच्या आजारात भेटायला मात्र गेला नाही.

मे १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून याच मुलाने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षं राहा, कसा, १६० एकर तुमचे, किरकोळ फी सोडली तर फुकट. तेच १६० एकर. ती सरकारी जमीन कोणाच्या पायाखालून काढली, ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिनेसोटात डकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं त्यात दिसतं. त्या यादीवरही सही त्याचीच. थॉमसची बाजू घेताना मला हे विसरता येत नाही.

बाप गेल्यावर दोन वर्षांनी, १८५३ मध्ये, अब्राहमला चौथा मुलगा झाला. त्याचं नाव थॉमस ठेवलं. घरात मात्र त्याला कोणी थॉमस म्हणत नसे, सगळे टॅड म्हणायचे.