‘कार्मेन’ म्हणजे ‘कर्म’ नव्हे

गाणे या अर्थाचा लॅटिन शब्द ‘कार्मेन’ हा संस्कृत ‘कर्म’चा अपभ्रंश आहे, यज्ञकर्मात मंत्र गायले जात म्हणून त्याला गाण्याचा अर्थ आला आणि ‘कार्मिना’ हे त्याचे स्त्रीलिंगी रूप होय, असे सांगणारा एक मजकूर मराठी वाचकांत फिरतो आहे. त्यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिले विधान व्युत्पत्तीचे. ‘कर्मन्’ हा शब्द ‘कृ’ धातूला ‘मन्’ प्रत्यय लागून झाला. ‘कार्मेन’च्या मुळाशी मात्र, बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते, ‘गाणे’ या अर्थाचा ‘कानेरे’ हा धातू आहे. मूळच्या ‘कान्मेन’मध्ये न आणि म ही दोन अनुनासिके लागून आल्याने पहिल्याचा र झाला, जसा ‘गेन्मेन’चा ‘गेर्मेन’, म्हणजे अंकुर, झाला. ज्या र-मुळे हा शब्द ‘कर्म’सारखा ऐकू येतो, तो मुळात तिथे नव्हताच. खरे नाते आहे ते प्रत्ययाचे: ‘मेन’ आणि ‘मन्’ ही एकाच प्राचीन प्रत्ययाची रूपे आहेत, आणि संस्कृत व लॅटिन या एकमेकींच्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

अर्थाबाबत मजकुरात थोडे तथ्य आहे, पण कारण उलटे सांगितले आहे. ‘कार्मेन’ म्हणजे केवळ गाणे नव्हे. लयीत उच्चारलेले, ठरीव शब्दांचे कोणतेही वचन त्यात येते. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या रोमन ‘बारा पट्टां’च्या कायद्यात दुष्ट कार्मेन म्हणणे, म्हणजे मंत्र घालणे, हा गुन्हा होता, आणि लहानपणी हेच बारा पट्ट आपण आवश्यक कार्मेन म्हणून शिकत होतो, असे रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो लिहितो. इ.स.पू. 17 मध्ये रोमन कवी होरेसचे कार्मेन 27 मुलगे आणि 27 मुली यांनी रोममध्ये गायले. मंत्राचा अर्थ गाण्यातून आला, कर्मकांडातून नव्हे.

लिंगाचा घोळ बहुधा ‘कार्मेन’ या स्पॅनिश स्त्रीनामामुळे झाला असावा. पण ते नाव कार्मेल पर्वताची माता या येशूची आई मेरी हिच्या बिरुदावरून आले आहे. लॅटिन शब्द नपुंसकलिंगी आहे: प्रथमा आणि द्वितीया दोन्ही ‘कार्मेन’, षष्ठी ‘कार्मिनिस’, अनेकवचन ‘कार्मिना’. ‘कर्म, कर्माणि’ पाठ केलेल्याला हा साचा लगेच ओळखू येईल. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फने 1937 मध्ये फ्रांकफुर्टमध्ये सादर झालेल्या रचनेला दिलेले ‘कार्मिना बुराना’ हे नाव, 1803 मध्ये बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्न मठात सापडलेल्या हस्तलिखिताचे आहे. त्याचा अर्थ ‘बॉयर्नची गाणी’, आणि त्यातले ‘बुराना’ हे विशेषणही नपुंसकलिंगी अनेकवचनीच आहे.