‘चांगला सेन्सर काढून नवीन विकला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय: ‘स्पीडोमीटरच्या कामाचे २५५० रुपये घेतले, गाडी दोन दिवस अडवली, चार दिवसांत काटा पुन्हा बंद. चाकणला दोनशे रुपयांत वायर जोडून मिळाली. चांगला सेन्सर काढून नवीन विकला.’

काटा पुन्हा बंद पडला आणि तुमच्या गाडीला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्या हातून गेलेलं काम टिकायला हवं होतं.

पैशांचं बोललात, दिवसांचं बोललात, ते मी ऐकून घेईन. पण चांगला सेन्सर काढला, हे मला ऐकवत नाही. याचा अर्थ मी तुम्हाला फसवलं असा होतो. भोसरीत २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. चालणारा पार्ट काढून गिऱ्हाइकाच्या माथी नवा मारला, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर समजून घ्या.

गाडी बुधवारी संध्याकाळी सहानंतर आली, एमआयडीसीत माल खाली करून. ड्रायव्हरला मी आधी विचारलं, काटा नक्की कधी बंद पडतो? तो दोन गोष्टी बोलला. लांब चालल्यावर काटा हळूहळू शून्यावर येतो, किलोमीटरही थांबतात. आणि खड्ड्यात गाडी आपटली की काटा नाचतो. डिझेलचा, हवेचा, टेंपरेचरचा काटा व्यवस्थित होता, म्हणजे मीटरला करंट आणि अर्थिंग दोन्ही मिळत होतं. त्यामुळे मीटर खोललाच नाही. खोलला असता तर त्याची मजुरी लागली असती, ती मी घेतलेली नाही.

मग गाडीखाली गेलो. तुमच्या गाडीचा वेग मोजणारा सेन्सर गियरबॉक्सच्या मागच्या अंगाला आहे, तीन तारांचा. एका तारेत सप्लाय, एकीत अर्थिंग, तिसरीतून सिग्नल मीटरला जातो. तारा जिथे सेन्सरला जोडतात त्या कपलरमध्ये ऑईल उतरलं होतं, ते साफ केलं. सप्लाय बरोबर मिळत होता. गाडी न्यूट्रलला टाकली, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि पोराला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. शाफ्ट फिरतो तसं सिग्नलच्या तारेवरचं व्होल्टेज चढउतार व्हायला पाहिजे. गाडी रस्त्यावरून नुकतीच आली होती, गियरबॉक्स गरम होता. व्होल्टेज एका जागी खिळलेलं, जरासुद्धा हललं नाही.

त्याच वेळी सेन्सर बदलून टाकला असता तर तुमची गाडी लवकर गेली असती. मी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्याकडे सुट्टी. पार्टची दुकानं बंद, लाईटही सकाळीच गेली. तरी मी गॅरेजला आलो, एकटा. थंड गाडीवर तोच सेन्सर तपासला, तर सिग्नल व्यवस्थित! पोरगा असता तर म्हणाला असता, मालक, सेन्सर तर चांगला आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. दुपारी लाईट आल्यावर हीट गनने सेन्सर गरम केला, हाताला सोसवेल इतकाच, आणि चाक फिरवलं. सिग्नल गेला. थंड होऊ दिला, परत आला. तीनदा केलं, तीनदा तेच झालं.

शुक्रवारी सकाळी नवीन सेन्सर आणला, १६५० रुपयांचा, दुकानाचं बिल जोडून दिलंय. तुमच्या ड्रायव्हरला शेजारी उभं करून जुना आणि नवा दोन्ही तसेच गरम करून दाखवले. नवा चालत राहिला, जुना थांबला. जुना सेन्सर निळ्या पिशवीत घालून केबिनमध्ये त्याच्या हातात दिला. चांगला पार्ट चोरायचा असता तर परत कशाला दिला असता, शेठ?

चाकणला जुना सेन्सर लावून बघितला आणि काटा हलला, असं तुमचा ड्रायव्हर मला फोनवर म्हणाला. हलला असेलच. थंड सेन्सर उभ्या गाडीवर चालतो, मीही गुरुवारी सकाळी तेच बघितलं होतं. पण तोच सेन्सर गाडीत ठेवून कोल्हापूरपर्यंत जाऊन बघितलं का कुणी? त्या कारागिराबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी तुटका जोड शोधला, काम चोख केलं. फक्त जोड तुटका होता म्हणून सेन्सर चांगला होता, असं होत नाही. सिग्नल तयार करतो सेन्सर, तो पोचवते वायर. तुमच्या गाडीत दोन्ही बिघडलं होतं.

आता त्या जोडाचं. खड्ड्यात काटा नाचतो म्हणजे कुठेतरी वायर लूज आहे, हे मलाही कळत होतं. सेन्सरपासून मीटरपर्यंत मल्टीमीटर लावला तर उभ्या गाडीत लाईन पूर्ण दाखवत होता. असा जोड गाडी हादरल्याशिवाय सापडत नाही. तुमची गाडी २०११ सालची, स्पीड गव्हर्नर, म्हणजे गाडीला ठरावीक वेगापुढे जाऊ न देणारा डबा, नंतर बसवलेला. गव्हर्नरला गाडीचा वेग कळायला हवा, म्हणून डॅशखाली याच सिग्नलच्या तारेला फाटा काढलाय आणि वर नुसती टेप गुंडाळलीय. माझा संशय तिथेच होता. गुरुवारी दुपारी मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, डॅश खोलून तो जोड बघू का? तुम्ही म्हणालात, गव्हर्नरकडे हात लावू नका, सील हललं तर पासिंगला नसती भानगड होईल. तुमची भीती खोटी नव्हती. पण सील त्या डब्याला होतं, जोड बाहेर होता. मी हे फोनवर सांगितलं, तुम्ही घाईत होतात, मग मीही जास्त ताणलं नाही. रिव्ह्यूमध्ये या फोनचा एक शब्द नाही, ते मला जास्त लागलं.

माझी चूक दोन ठिकाणी झाली. डॅशखालचा जोड तपासलेला नाही, हे बिलावर लिहून द्यायला हवं होतं. आणि ट्रायल मी इंद्रायणीच्या पुलापर्यंतच घेतली, सरळ रस्त्याने. मोबाईलच्या जीपीएसवर ४० आणि मीटरवरही ४० दिसले, तेवढ्यावर समाधान मानलं. गाडी चाकण-तळेगाव रस्त्याच्या खड्ड्यांतून नेली असती तर तो जोड माझ्यासमोरच निसटला असता. यापुढे ट्रायल जरा लांबची घेऊ, बिलावरही काय ते लिहीत जाऊ.

मी शिकाऊ होतो तेव्हा मीटरला केबल असायची. केबल तुटली की तिचे दोन तुकडे गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, पुढे बोलायची गरजच पडायची नाही. सेन्सर बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आतून मेलेला असतो. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे पैसे द्यायचे जिवावर येतं, हे मला कळतं. म्हणूनच तुमच्या ड्रायव्हरला उभं करून दाखवलं होतं. तो तुम्हाला काही बोलला नसेल तर एकदा विचारा.

तुमच्या रिव्ह्यूनंतर स्कूलबस चालवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, ‘काय हो, असं करता का आता?’ सहा वर्षं त्यांच्या बसचं काम माझ्याकडे आहे. त्यांना काय उत्तर द्यावं सुचेना. माझ्याकडे दोन पोरं कामाला आहेत, त्यांची घरं याच शटरवर चालतात. स्टार काढा असं म्हणत नाही. काम चार दिवसांत बिघडलं हे खरं आहे, ते तसंच राहू द्या. फक्त चांगला सेन्सर काढला, ही ओळ एकदा तपासून बघा.

चाकणला दिलेले दोनशे रुपये मी देतो, तो जोड माझ्याच हातून व्हायला हवा होता. नवा सेन्सर सहा महिन्यांत गेला तर मजुरीसकट बदलून देईन. गाडी भोसरीकडे येईल तेव्हा अर्धा तास काढा, जुना सेन्सर तुमच्यासमोर गरम करून दाखवतो. सकाळी साडेनऊपासून मी असतो, गुरुवार सोडून. ती निळी पिशवी तेवढी आठवणीने आणा.