दयाचा पाय हवेत आणि काकांचे पंच

रविवारी दुपारी नवरा घोरत होता, पोरगी क्लासला गेली होती, भांडी घासून झाली होती, असा योग वर्षातून क्वचित येतो, म्हणून मी टीव्हीवर यूट्यूब लावून सीआयडीचा एक जुना एपिसोड काढला. आणि मला तो बघू दिला गेला नाही. तक्रार एवढीच आहे. ऐकून लोक हसतात, हसू देत, मला अजून राग आहे.

कारण म्हणजे आमचे चुलत सासरे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून पुण्यात आमच्याकडे आलेत. काळा गॉगल लावून सोफ्याच्या कोपऱ्यात बसतात, डोळ्यात थेंब मी घालते. डॉक्टरांनी टीव्ही कमी बघा सांगितलंय, म्हणून ते टीव्ही ऐकतात. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण काका पोलीस खात्यातून रिटायर झालेत आणि नोकरीचा बराचसा काळ ते मुद्देमाल कारकून होते.

हे काय प्रकरण असतं ते ज्यांना माहीत नसेल ते सुखी आहेत. पोलीस स्टेशनात जप्त केलेली प्रत्येक वस्तू, मग ती चोरीची सायकल असो की रक्ताचा शर्ट, लेबल लावून, लाखेचं सील करून, रजिस्टरला चढवून खोलीत ठेवायची आणि कोर्टानं मागितली की त्याच सीलसकट हजर करायची, मग मध्ये दहा वर्षं जावोत नाहीतर उंदीर. तर अशा माणसाशेजारी बसून तुम्ही सीआयडी बघून दाखवा.

पहिल्या पाच मिनिटांत बॉडी सापडली. अभिजीतनं झुडपातून एक बटन उचललं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं.

"खिशात टाकलं?" काका.

"हो काका, पुरावा आहे तो."

"पुरावा खिशात? लेबल कुठंय? पंचांच्या सह्या?"

मी म्हटलं पुढे घेतील सह्या. काका गप्प बसले, पण ती गप्प बसण्याची तऱ्हा मला ओळखीची आहे, लग्नात मानपानावरून बसतात तशी. पुढचा अर्धा एपिसोड ते फक्त "बटन अजून खिशातच आहे" एवढंच मधूनमधून म्हणत राहिले. एसीपी प्रद्युमन बोटं हवेत फिरवत "कुछ तो गडबड है" म्हणाले तेव्हा काका म्हणाले, "बटनच गडबड आहे."

आता इथे एक सांगते. सीआयडीत सगळं खोटं असतं हे मला माहीत नाही का? जानेवारी १९९८ ला सुरू झालेली मालिका, आमची अख्खी पिढी त्यावर वाढली. साळुंखेंची ती लॅब, जिथे निळं पाणी लाल पाण्यात ओतलं की खुनी कोण ते कळतं, ती खरी नाही हे आम्हाला शाळेतच समजलं होतं, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. पण मला ते तसंच हवं असतं. साळुंखे आणि प्रद्युमन एकमेकांना टोमणे मारणार, फ्रेडी बायकोला घाबरणार (त्याचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, नव्या सीझनमध्ये ती जागा रिकामीच वाटते मला), शेवटी दया कानाखाली मारणार आणि तासाभरात न्याय. आख्ख्या आठवड्यात माझ्या आयुष्यात दुसरं काहीही तासाभरात होत नाही, साधा गॅसचा नंबर लागत नाही.

तर दाराचा सीन आला. खुनी आत, बाहेर टीम, प्रद्युमन म्हणाले "दया, दरवाजा तोड दो", दया दोन पावलं मागे सरकला, पाय उचलला आणि टीव्ही थांबला. मला वाटलं नेट गेलं. नेट नव्हतं गेलं. रिमोट काकांच्या हातात होता. पॉज कसं करायचं ते आमच्या पोरीनं त्यांना आदल्या दिवशी शिकवलं होतं, आजोबांची करमणूक व्हावी म्हणून. पोटची पोर.

"पंच कुठंयत?"

मी काहीच बोलले नाही. स्क्रीनवर दया एका पायावर उभा.

"सूनबाई, दार तोडायचा अधिकार आहे पोलिसाला, नाही असं नाही. पण आधी आपण कोण, कशाला आलोय ते ओरडून सांगायचं. दार उघडा म्हणायचं. नाहीच उघडलं तर मग तोडायचं. याच्यात कोणी हाक तरी मारली का? आणि आत झडती घेणार, तर त्याच भागातले दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून पाहिजेत. शेजारची बेल वाजव म्हणावं."

"काका, खुनी पळून जाईल ना तोवर."

"पळाला तर पळाला, पुन्हा सापडंल. पंचनामा चुकला तर कायमचा सुटंल."

खरं सांगायचं तर याला उत्तर नव्हतं माझ्याकडे, त्यामुळे जास्तच चिडचिड झाली. मग त्यांनी नवीन कायद्यावर घेतलं. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. मी म्हटलं, शूटिंग चाललंयच की काका, सोनीवाल्यांचं. हसले नाहीत. गॉगलमधून माझ्या दिशेनं (साधारण दिशेनं) बघत म्हणाले, "थट्टेचा विषय नाही."

मी चहा टाकायला उठले. चहा झाला, दया अजून एका पायावर. चहाबरोबर काकांनी व्हिसेऱ्याची गोष्ट काढली. व्हिसेरा म्हणजे पोस्टमॉर्टेमनंतर तपासणीला पाठवतात ते आतले अवयव, मिठाच्या पाण्यात घालून, बरणी सील करून. काका ती बरणी पिशवीत घालून एसटीनं पुण्याला गणेशखिंडच्या लॅबला यायचे. मांडीवर धरून, कारण सील तुटलं की केस तुटली. एकदा शेजारच्या सीटवरच्या मावशींनी विचारलं, लोणचं का हो? काका म्हणाले, हो. मावशी म्हणाल्या, आंब्याचं का लिंबाचं? "मग काय सांगितलं तुम्ही?" मी विचारलं, न राहवून. "सरकारी," काका म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवलं. माझा चहा तसाच राहिला.

"आणि ते रिपोर्ट यायला महिने लागायचे. हा साळुंखे आत्ता बघतो आणि आत्ताच सांगतो. याला काय दुसरी कामं नाहीत?"

काकांना या मालिकेत पसंत पडलेला एकच माणूस आहे, प्रद्युमनचं काम करणारे शिवाजी साटम, आणि तेही अभिनयासाठी नाही. साटम आधी सेंट्रल बँकेत कॅशियर होते हे मीच कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हापासून काका "तो कॅशियर" म्हणतात आणि आवाजात मान असतो. हिशोबाचा माणूस आहे, संगतीनं बिघडला. २००४ मध्ये सीआयडीवाल्यांनी एकही कट न घेता १११ मिनिटांचा एपिसोड केला, गिनीज बुकात नाव गेलं, हेही मी सांगून बघितलं. काकांनी शांतपणे विचारलं, "एवढ्या वेळात स्टेशन डायरीला नोंद कितीदा केली?"

आणि एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद फक्त पोलीस आयुक्तालयात असतं, राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय इथे आपल्या पाषाण रोडला आहे, मग हे मुंबईत कोणत्या शाखेत आहेत, यांचा पगार कुठून निघतो, हे सगळं मी थेंब घालताना ऐकते. त्या वेळी पळताही येत नाही, दुसऱ्या हातानं पापणी धरलेली असते.

सगळ्यात झोंबणारं म्हणजे हा माणूस बरोबर निघतो. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेत एसीपी प्रद्युमन बॉम्बस्फोटात गेले, चॅनेलनं श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, मी खरंच रडले, फॅमिली ग्रुपवर हात जोडून तीन ओळी लिहिल्या. काकांनी गावाहून एकच मेसेज टाकला, "बॉडी ओळखली कोणी? डीएनए झाला का?" सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. मी ग्रुप म्यूट केला. पुढे नवीन एसीपी आणला, लोकांनी बोंबाबोंब केली आणि प्रद्युमन जिवंत परत आले. माझं दुःख फुकट गेलं, ते चॅनेल भरून देणार आहे का?

शेवटी दया सुटला, दार तुटलं, कानाखाली बसली, खुनी घडाघडा बोलायला लागला. पुन्हा पॉज. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, सबब आरोपी सुटला. बटन अजून खिशातच.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मागच्या वर्षी बसमध्ये माझी पर्स कापून मोबाईल चोरला. ब्लेडनं कापलेली पर्स घेऊन मी पोलीस स्टेशनला गेले, तर तिथल्या साहेबांनी पर्सकडे बघितलंही नाही आणि मोबाईल 'गहाळ' झाल्याचा दाखला हातात दिला. एफआयआर नाही. म्हणजे माझ्याच निष्काळजीपणानं कुठेतरी पडला. सिमकार्डसाठी एवढं पुरतं ताई, म्हणाले. मी म्हटलं, अहो पर्स कापलीय, तर म्हणाले, पर्स जुनी असेल. कुठे होते तेव्हा पंच? कुठे होतं लाखेचं सील? हे सगळं मी काकांना बोलले, जरा मोठ्यानंच. नवरा जागा झाला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पर्स कुठंय?"

"टाकली."

"टाकली?" काकांनी गॉगल काढला, डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असताना. "अगं, मुद्देमाल टाकलास?"

संध्याकाळी नवऱ्यानं त्यांच्याच बाजूनं बोलून वर सांगितलं की काकांना आता सीआयडी आवडायला लागलंय, त्यांना पहिल्यापासून बघायचंय, क्रमानं, फाईल लावतात तसं. २०१८ ला बंद झाली तोवरच १५४७ एपिसोड झाले होते. आणि काकांचा दुसरा डोळा अजून व्हायचाय.