दुपारी दोनची कॅपुचिनो

मागच्या शनिवारी इटलीत, बोलोन्यातल्या एका खानावळीत जेवण झाल्यावर मी कॅपुचिनो मागितली. घड्याळात दोन वाजले होते. वेटर म्हणाला, "एस्प्रेसो." मी म्हटलं, "नाही, कॅपुचिनो." तो म्हणाला, "हो, एस्प्रेसो," आणि वहीत काहीतरी खरडून चालता झाला.

मी त्याला परत बोलावलं. इथे चूक झाली.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा जेवत होते. कॉलरमध्ये रुमाल खोचलेला, डोळे ताटात, कान आमच्याकडे. त्यांनी काटा खाली ठेवला आणि लग्न मोडायला निघालेल्या पुतणीची समजूत काढायला थोरले काका ओढतात तशी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"सिन्योरा, कॅपुचिनो सकाळी. अकरापर्यंत. नंतर नाही."

का, म्हणून विचारलं. त्यांनी पोटावर हात ठेवला. दूध आत जातं, तिथे आधीच पास्ता बसलेला असतो, मग दोघं भेटतात आणि... त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर गच्च दाबून दाखवले. सिमेंट!

आता, मी नुकतेच चीज भरलेले तोर्तेल्लोनी खाल्ले होते. लोण्यात परतलेले, वर किसलेलं पार्मिजानो. एवढा गोठा पोटात मुकाट राहिला होता, पण वरून कपभर दूध गेलं की सिमेंट.

खरं सांगायचं तर ते बोलत होते आणि मला आमची आजी दिसत होती. मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं, हे तिने आम्हाला इतक्या खात्रीने सांगितलंय की आज चाळिशीतही सुरमई खाल्ली की मी त्या दिवशी चहा कोराच पिते. पण ती माझी आजी होती. हा माणूस माझा कोण?

माझं तोंड वाकडं झालेलं पाहून आजोबांना वाटलं, हिला अजून शिकवायला हवं. त्यांनी आपल्या ताटातली टॅलियातेल्लेची, म्हणजे पट्ट्यांच्या पास्त्याची, एक पट्टी काट्यावर लोंबकळत धरली. शिजल्यावर हिची रुंदी ८ मिलिमीटर. सात नाही, नऊ नाही. १९७२ साली इथल्या वाणिज्य मंडळात सोन्याची टॅलियातेल्ला नमुना म्हणून नोंदवून ठेवली आहे, आणि हे ८ मिलिमीटर म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. वरच्या रागूची, म्हणजे खिम्याच्या सॉसची, कृतीही १९८२ साली तिथेच नोंदवली. पट्टी लोंबत होती, रागूचा थेंब टेबलक्लॉथवर पडला, आणि आमचा नवरा "वा, वा" करत मान डोलवत होता. परदेशात हा सगळ्यांनाच "वा, वा" करतो. घरी पोळी जाड झाली तर बोलतो.

माझ्या जिभेवर आलं होतं, आजोबा, रागूतल्या टोमॅटोचं मूळ गाव अमेरिका. ऑस्ट्रियाच्या किपफेरल नावाच्या चंद्रकोरी पावाने पॅरिसला जाऊन क्रोसाँ व्हायचं आणि फ्रेंचांनी कॉलर ताठ करायची. स्वीडनच्या सरकारी ट्विटर खात्याने तर २०१८ मध्ये सांगूनच टाकलं की आमच्या मीटबॉलची कृती बाराव्या चार्ल्स राजाने तुर्कस्तानातून आणली. बिचारे प्रामाणिक! आम्हीही काही वेगळे नाही म्हणा. मिरची, बटाटा आणि पाव या तिन्हींबद्दल पोर्तुगिजांना दंडवत घालायचा, की वडापाव अस्सल मराठी. पण हे सगळं इंग्रजीत, तेही इटालियन आजोबांना कळेल अशा इंग्रजीत सांगायचं म्हणजे कॉफी गार होणार. कॉफी आलीच नव्हती, ते सोडा.

मग त्यांनी विचारलं, "कुठून?"

"इंडिया."

चेहरा उजळला. "आह! करी!"

त्यांना करी फार आवडते. ते घरी करतात, रविवारी. चिकन, कांदा, बाजारातल्या पिवळ्या पुडीतली पावडर, मलई आणि... त्यांनी बोटं चिमटीत धरून हवेत हलवली... सफरचंद.

"सफरचंद?"

"गोडव्यासाठी."

८ मिलिमीटरवाला माणूस! मनोऱ्याला १२,२७० ने भागणारा! माझी कॅपुचिनो अडवणारा! हा घरी मलईत सफरचंद शिजवून त्याला आमचं नाव देतो, आणि वर विचारतो, "तुम्ही कुठलं सफरचंद घालता?"

हसण्यावारी नेता येतं, पण मला खरंच लागलं. ऑस्ट्रियात वीनर श्निट्झेल, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ काप, वासराच्या मांसाचंच हवं, डुकराचं असेल तर मेनूत तसं लिहावं लागतं. कायदाच आहे तसा. आमच्या वाट्याला मात्र एकच शब्द. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आमच्या ऑफिसात लोक लोणी लावलेल्या ब्रेडवर चॉकलेटचे दाणे भुरभुरवतात आणि त्याला दुपारचं जेवण म्हणतात. तेच लोक माझ्या डब्यात डोकावून विचारतात, "करी?" मेथीची परतून केलेली भाजी, रस्सा औषधालाही नाही. पहिल्या वर्षी समजावून सांगितलं. पिठल्याच्या वेळीही सांगितलं. आता सहावं वर्ष आहे. आता मी "हो, करी" म्हणते आणि मायक्रोवेव्हचं दार लावते.

आजोबांना मी म्हटलं, "सफरचंद नाही. कधीच नाही. अकराच्या आधी नाही, नंतरही नाही." नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला. आजोबांनी विचार केला, खांदे उडवले आणि म्हणाले, "पण चांगलं लागतं."

शेवटी कॅपुचिनो आली. बिलासोबत, म्हणजे पिऊन निघा. मी पहिला घोट घेताना आजोबांनी खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली. मी मुद्दाम सावकाश प्यायले, फेससुद्धा चमच्याने पुसून खाल्ला.

फ्लॉरेन्सच्या गाडीत पोट गच्च झालं. अगदी सिमेंट. नवरा म्हणाला, "काय झालं?"

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं.