रिकाम्या बारची भानगड

पिंट्या कमरेला पट्टा बांधून वेंगुर्ल्याच्या बंदरावर कट्ट्यावर आला, त्यामुळे विषय कुणाला काढावा लागला नाही.

“जिमच्या पहिल्याच आठवड्यात 80 किलोची डेडलिफ्ट? एवढं वजन जमिनीवरून उचललंस?” वैशालीनं तोंड उघडलं. ती शाळेत पीटी शिकवते, कॉलेजात वेटलिफ्टिंग केलंय. “अरे, वजनाच्या प्लेटा लावायचा मोठा बार रिकामाच 20 किलोचा असतो. आधी तो नीट उचल. मग दर खेपेला अडीच किलो वाढव.”

“अडीच अडीच किलोन म्हातारो होतलो तो!” बापूकाका उखडले. “रापणीची जाळी ओढून ओढून आमची छाती झाली. आमका कोण मास्तर होतो?”

“आणि चाळिशीतच कंबर गेली, ती कशानं? चिरे पाठीतून वाकून उचलायचात म्हणून.”

तिनं टपरीवाल्याचा पाण्याचा 20 लिटरचा जार पुढ्यात ओढला. पाय रोवले, कुल्ले मागे नेले, पाठ सरळ ठेवली आणि जार नडगीला घासत वर आणला. “भार पायांवर. ही सवय लागेपर्यंत प्लेट लावायची नाही.”

मला तिचंच पटतं. नवख्याची ताकद भराभर वाढते, कारण आधी मज्जासंस्था शिकते. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात, आणि पोरं नेमकी तिथंच फसतात.

संत्या मोबाईल नाचवत मध्ये घुसला. “ह्यात बघ, रोज जिम आणि दोन स्कूप प्रोटीन पावडर!”

“आठवड्यातून तीन दिवस पुरे. सलग पाच वेळा उचल, असे तीन सेट, आणि रात्री झोप. बंदरावर राहून बांगडा सोडतोस नि डबा चाटतोस?” वैशाली म्हणाली. “सांगलीचा संकेत सरगर 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य घेऊन आला, तरी क्लीन अँड जर्कला, म्हणजे बार खांद्यावर घेऊन डोक्यावर नेताना, त्याचं कोपर दुखावलंच. एवढी वर्षं घासलेल्याची ही गत, तर पिंट्याची काय?”

“संत्याचा ऐकू नुको,” बापूकाकांनी एकदम बाजू बदलली. “नारळी पौर्णिमेक रस्सीखेचीत पयलो दोर ह्येनाच सोडल्यान!”

“हात घामेजले होते!”

“हात? चड्डी सावरत होतास मेल्या!”

“हसवू नका रे,” पिंट्या कंबर धरून कळवळला, “आई गं, कळ आली!”