बाकड्यावरचं संशोधन

काल पुन्हा सही झाली नाही.

पीएच.डी.चा सहामाही प्रगती अहवाल. पानं 4, सही 1, तिच्यासाठी सोडलेली जागा दीड इंच. 'अकराला ये' असं गाइडसरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. मी पावणेअकरालाच केबिनबाहेरच्या बाकड्यावर. एप्रिलातलं सोलापूर; पंखा फिरत होता, पण हजेरीपुरता. त्यात काल आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस. ते रोज येत नाही, त्यामुळं त्याचा मान घरात जावयाच्या वर. सगळी पिंपं बायकोनं एकटीनं भरली. त्या विषयावर लिहायचं धाडस सध्या नाही.

बाकड्यावर आधीच एक आजोबा होते. पूर्व भागातले, 40 वर्षं यंत्रमागावर काढलेले, मांडीवर कापडी पिशवी. नातीची हजेरी 75 टक्के भरली नाही म्हणून पालकाचं हमीपत्र द्यायला आलेले. आमचे गाइडसर विभागप्रमुखही आहेत.

"तुमचं बी कोण गैरहजर हाय का?"

"नाही. मीच शिकतो."

त्यांनी माझ्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांकडं सावकाश पाहिलं. "कितवीला?"

"पीएच.डी. करतोय."

"किती वर्षांचं असतंय?"

"कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6. वर मुदतवाढ."

"तुमचं कितवं?"

"पाचवं."

"मधी नापास झालाव का?"

नाही म्हटलं. नापास व्हायला कुणीतरी आधी वाचावं लागतं, हे मात्र म्हणालो नाही.

"आणि ह्ये सर काय करतात त्यात?"

"मार्गदर्शक आहेत. मार्ग दाखवतात."

आजोबांनी केबिनच्या कुलपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पगार देतात?"

"नाही ओ, फी मीच भरतो."

"म्हंजे काम तुमचं, पैसं बी तुमचं. नाव कुणाचं पडणार?"

"माझं. खाली मार्गदर्शक म्हणून त्यांचं."

"मग बरंय की! चादरीवर कारखानदाराचं नाव असतंय. विणणाऱ्याचं कधी बघितलंय का?" एवढं बोलून त्यांनी पिशवीतून कडक भाकरी काढली, कडाकडा मोडली, वर शेंगाचटणी घालून निम्मी माझ्या हातात दिली. अख्ख्या पाच वर्षांत या बाकड्यावर मला मिळालेलं हे पहिलं अनुदान.

घास गिळता गिळता त्यांनी विषय विचारला. मी एका दमात म्हणालो, "सोलापूर शहरातील यंत्रमाग कामगारांच्या कौटुंबिक खर्चाचा चिकित्सक अभ्यास."

"म्हंजे आमच्याच खर्चाचा?" आजोबा चावायचे थांबले. "एक पोरगा आमच्या गल्लीत आलता बे. लई पानांचा कागद. महिन्याला तेल किती, चहापत्ती किती, कर्ज किती. शेवटी सही करा म्हणाला, केली. पुढं काय झालं त्येचं?"

तो मी नव्हतो. पण मीसुद्धा अशीच 300 कुटुंबं विचारून आलोय, सह्या घेऊन आलोय. प्रश्नावल्या घरात माळ्यावर आहेत. सगळ्यांनी एका फेरीत सही दिली होती. 'वाचून बघतो, उद्या या' असं एकानंही म्हटलं नव्हतं.

सल्लागार समिती दर सहा महिन्यांनी बसते. गेल्या खेपेला एक सदस्य म्हणाले, 300 कमी पडतात. दुसरे म्हणाले, इतकी कशाला? तिसऱ्यांनी विचारलं, चहा सांगितलाय का? इतिवृत्तात 'सर्व सूचनांची अंमलबजावणी करावी' असं आलं. अंमलबजावणी फक्त चहाची झाली, तीही माझ्या पैशानं.

सरांचीही बाजू आहे, नाही असं नाही. प्राध्यापकाला एका वेळी 8 जण घेता येतात आणि सरांचे आठही भरलेत. वर कॉलेजांना मानांकन देणाऱ्या नॅकच्या फायली, पेपर तपासणी, रोज कुठली तरी बैठक. त्यांना वाटतं, ही पोरं सहीखेरीज तोंड दाखवत नाहीत. आम्हाला वाटतं, सही सोडून यांच्याकडं मागायचं तरी काय? पण अकरा म्हणजे किती, एवढं तरी आठांना एकसारखं सांगावं. सकाळी 8 वाजता याच इमारतीत मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तेव्हा मी 'सर' असतो, तासाच्या पैशात. सुट्टी लागली की तेही नाही. अकराला जिना चढलो की 'अरे'.

तेवढ्यात माझाच एक विद्यार्थी प्रकल्पाची वही घेऊन आला. "सर, सही पाहिजे होती. सकाळपासून शोधतोय."

पोराचं अक्षर बघूनच अंगावर काटा आला. "वाचावं लागेल. उद्या ये."

तो गेला. आजोबांनी भाकरीचे कण झटकले. मला काही म्हणाले नाहीत.

दीड वाजला. आजोबांनी माझ्या घड्याळात पाहिलं. "सर किती वाजता येतात?"

"अकराला."

"माझ्या नातीची हजेरी कमी पडली तर तिच्या आजोबाला बोलावलं. आता सरांच्या आजोबाला कोण बोलवायचं?"

मी हसलो आणि नेमके त्याच क्षणी सर जिन्यातून वर आले. सरांना बघून उठून उभं राहणं आणि हसू गिळणं एकदम करायला गेलो, तर शेंगाचटणी ठसक्याला लागली. सर थांबले नाहीत. आजोबांनी मात्र आडवं येऊन हमीपत्र आणि पेन त्यांच्यापुढं धरलं, "हितं" म्हणाले. सरांनी कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही. काय लिहिलंय, ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी ठसका आवरून माझा अहवाल पुढं केला.

"तुझं वाचावं लागेल," सर कुलूप काढत म्हणाले. "उद्या ये."

आजोबा तेव्हा जिना उतरत होते. खालून आवाज आला. हसले नसतील, खोकला असेल.