पानिपत संक्रांतीला झालं नाही, आणि काळी साडी सुतकाची नाही

जानेवारी उजाडला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. घराघरांत सुतक पडलं, म्हणून तेव्हापासून महाराष्ट्रात संक्रांतीला काळे कपडे घालतात. ‘संक्रांत कोसळली’ असं आपण म्हणतो तेही तिथूनच आलं. आणि संक्रांत सूर्यावर ठरते, त्यामुळे ती तेव्हाही १४ लाच होती, कारण उत्तरायण त्याच दिवशी लागतं. शेवटी ‘आपला इतिहास विसरू नका’ असं आवाहन असतं.

इतिहास विसरू नये असं मलाही कळकळीने वाटतं, आणि म्हणूनच हा मजकूर दरवर्षी पाहून त्रास होतो. त्यातली लढाईची तारीख खरी आहे. बाकीचं तपासलं की उरत नाही.

आधी तारखेचं पाहू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. लढाई झाली बुधवारी, १४ जानेवारी १७६१ ला. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. संक्रांत तिथीवर नव्हे, सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते, हेही बरोबर. पण हा प्रवेश आपली पंचांगं ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालतं. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश फिरतो, त्यामुळे त्याच ताऱ्यांपाशी परत यायला सूर्याला ऋतुचक्रापेक्षा दरवर्षी सुमारे २० मिनिटं जास्त लागतात. साधारण ७२ वर्षांत याचा एक दिवस होतो. म्हणजे इंग्रजी तारखांच्या हिशेबाने संक्रांत पुढे पुढे सरकत असते.

याचा पुरावा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. त्यांच्या चरित्रांत तो दिवस मकरसंक्रांतीचा होता अशी नोंद आहे. १८६३ मध्ये जी संक्रांत १२ तारखेला होती, ती त्याच्या शंभर वर्षं आधी १४ ला कशी असेल? मागे मागे मोजत गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. पंचांगातल्या गणिताच्या फरकाने ती थोडी अलीकडे-पलीकडे होईल, १४ पर्यंत काही पोचत नाही. सदाशिवरावभाऊंची फौज शेवटच्या लढाईला बाहेर पडली तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते.

तारीख सरकते हे तर आपण स्वतःही पाहतोय. २०२० आणि २०२४ मध्ये आपण संक्रांत १५ ला केली, २०२५ मध्ये १४ ला. २१०० हे लीप वर्ष नसेल, त्यामुळे त्यानंतर ती १५ किंवा १६ ला येईल, १४ ला येणारच नाही. शिवाय टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होते, कारण त्या पंचांगाने राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरला आहे. एकाच महाराष्ट्रात शेजारच्या दोन घरांचे तिळगूळ चार दिवसांच्या अंतराने होतात, तिथे ‘कायम १४’ म्हणण्यात अर्थ नाही.

उत्तरायणाचा मुद्दा लवकर आटपतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, आणि सूर्य उत्तरेकडे वळतो तो तिथूनच. संक्रांत आणि हा वळणबिंदू एकाच दिवशी येत असत, पण ते सुमारे सतराशे वर्षांपूर्वी. पुढे दोघांत अंतर पडत गेलं. संक्रांतीला उत्तरायणाचा सण म्हणण्याची परंपरा जुनी आणि सुंदर आहे, ती ठेवावी. पण ‘शास्त्रीय पुरावा’ म्हणून ती पुढे करता येत नाही.

आता काळ्या कपड्यांकडे येऊ. मजकुरातला हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो आपल्याच आज्या-पणज्यांच्या रीतीचा उलटा अर्थ लावतो. संक्रांतीला काळं कोण नेसतं ते आठवा. लग्नानंतरची पहिली संक्रांत असलेली सून काळी चंद्रकळा नेसते, अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालते, आणि तिचं हळदीकुंकू होतं. तान्ह्या बाळाला काळं झबलं घालून बोरन्हाण करतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओततात. नव्या सुनेला आणि बाळाला सुतकाचा पोशाख कोण घालेल? आपल्याकडे सुतक असेल तर त्या वर्षी सण धरतच नाहीत. रंग बदलून सण करण्याची पद्धत नाही.

शिवाय पेशवाईतल्या समाजात काळा हा शोकाचा रंग नव्हताच. ब्राह्मण घरांतल्या विधवेच्या वाट्याला येई ते लाल आलवण. शोकाला काळा पोशाख ही युरोपातली रीत. आपल्याकडे काळे मणी सौभाग्याच्या मंगळसूत्रात आहेत, काळी तीट बाळाच्या गालावर आहे. इतर शुभकार्यांत काळं टाळतात हे खरं, आणि म्हणूनच संक्रांतीची ही सूट उठून दिसते. तिचं घरोघरी सांगितलं जाणारं कारण साधं आहे: कडाक्याच्या थंडीत काळा रंग ऊब धरतो. तीळ, गूळ, भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, त्या दिवसांतलं सगळंच ऊब देणारं आहे. चंद्रकळा त्यातलीच.

‘संक्रांत कोसळली’साठीही लढाई लागत नाही. पंचांगात दर वर्षीच्या संक्रांतीचं वर्णन असतं: वाहन काय, वस्त्र कोणतं, हातात काय, कुठून आली, कुठे चालली, कुठे पाहते. ती जिथून येते तिथे सुबत्ता, जिकडे जाते-पाहते तिकडे संकट, अशी समजूत. ‘यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे’ म्हणून त्या रंगाचं वस्त्र टाळणारी घरं अजून आहेत. शिवाय दुसरा दिवस किंक्रांतीचा, करिदिनाचा. संकटाची भीती या सणाच्या पोटातच आहे.

राहिलं ते पराभवाच्या बातमीचं. त्या दिवशी पुण्यात कोणालाच काही कळलेलं नव्हतं. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना वाटेत, भेलशाच्या परिसरात, जानेवारीच्या अखेरीस सावकारी पत्रातून कळलं, तेही मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत. मोती होते भाऊ आणि विश्वासराव. त्या वर्षीची रथसप्तमी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे बातमी पोचली तेव्हा संक्रांतीचे दिवस रीतीने अजून संपले नव्हते, एवढं मान्य करायला हवं. नानासाहेब खचले ते खचलेच. २३ जून १७६१ ला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. हे सगळं इतकं मोठं दुःख आहे की ते खरं ठरवायला त्याला सणाची तारीख जोडावी लागत नाही.

पानिपतला काला आम इथल्या स्मारकापाशी दर १४ जानेवारीला शौर्य दिन होतो. हरियाणातले रोड मराठा, जे स्वतःला त्या फौजेतल्या माणसांचे वंशज मानतात, तिथे मोठ्या संख्येने येतात. आपल्या गावात, शाळेत, मंडळात ज्यांना हा दिवस पाळायचा असेल त्यांना १४ जानेवारी मोकळी आहे, आणि तिथीने पाळायचा तर पौष शुद्ध अष्टमी.